तांबडा-पांढरा, पण वाटीतला नव्हे

एप्रिलमधल्या फोटोग्राफी क्लबच्या फेरफटक्यावरच या महिन्याची बहुतेक पत्रं आली आहेत, त्यामुळे बाकीच्या शंका पुढच्या अंकात. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रविवारी सकाळी सव्वासहा ते साडेनऊ, गंगावेश ते महाद्वार रोड एवढाच पट्टा, विषय ‘तांबडा-पांढरा’. अटी दोनच होत्या : वाटीतला रस्सा चालणार नाही आणि प्रत्येकानं शेवटी एकच फोटो द्यायचा. रस्सा वर्ज्य केला म्हणून दोघंतिघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. कोल्हापुरात हा विषय देऊन रस्सा काढून घेणं म्हणजे काय, हे मला कळतं. पण तो ठेवला असता तर सगळे साडेसातलाच एखाद्या खानावळीच्या दारात बसले असते, आणि खानावळ उघडेपर्यंत उठले नसते.

काकू, मी महाद्वार रोडवर लाल साडीतल्या एका बाईंचा फोटो दिला होता. साडी लाल, हातातली पिशवी लाल, मागचं दार पांढरं. विषय पूर्ण बसत होता. तरी तुम्ही ‘तांबडं दिसतंय, पण फोटो तांबड्याचा नाही’ म्हणून बाजूला ठेवलात. म्हणजे नेमकं काय?
*– कॉलेजची विद्यार्थिनी, राजारामपुरी*

आधी एक कर. तोच फोटो मोबाईलवर उघड आणि एका बोटानं काळा-पांढरा कर. काय गेलं? काहीच नाही. पिशवीच्या वजनानं एका बाजूला कललेला खांदा तसाच आहे, उंबऱ्यावर ठेवलेलं पाऊल तसंच आहे, दाराची चौकट तशीच. खरं सांगायचं तर जरा बराच झाला, कारण मागचा निळा फ्लेक्स आता डोळ्यांत येत नाही. तुझा फोटो ओझ्याचा आहे. विषय ‘ओझं’ असता तर मी तुझ्यासाठी भांडले असते.

आता ज्याला सगळ्यांनी पसंती दिली तो फोटो आठव. म्हाताऱ्या वस्तादांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर, गुडघ्याच्या वर, तांबड्या मातीचे एका लहान हाताचे ठसे. आखाड्यातून उठून आलेलं पोर पाया पडताना टेकलं असणार. वस्तादांचं तोंडसुद्धा फ्रेममध्ये नाही. हा फोटो काळा-पांढरा केला की फक्त मळलेलं धोतर उरतं, धुवायला टाकायचं. रंग काढला की गोष्ट मरते, म्हणून तो तांबड्याचा फोटो.

विषय दिला की आपण तो शोधायला निघतो. लाल काय दिसतंय? कुंकवाचं दुकान, पताका, गॅस सिलिंडर, एसटी. सापडलं की क्लिक. त्या दिवशी कुंकवाच्या राशींचे इतके फोटो आले की दुकानदाराला त्याचा हिस्सा द्यावा लागेल. राशी सुंदरच असतात, त्यात फोटो काढणाऱ्याचं काय? विषय जागा दाखवत नाही. रस्त्यावर शंभर गोष्टी दिसतात, त्यातल्या नव्व्याण्णव सोडायची परवानगी तो देतो.

काळा-पांढरा करून बघायची ही खोड मला स्टुडिओनं लावली. आमच्याकडे लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो व्हायचे. माझं काम निगेटिव्ह टचिंगचं, म्हणजे निगेटिव्हवरचे डाग-दोष हातानं झाकायचं, आणि छापलेल्या काळ्या-पांढऱ्या फोटोत हातानं रंग भरायचं. ओठ, कुंकू, शालूचा काठ. सगळा फोटो रंगवायचा नसतो हे तिथं कळतं. कुंकू नेमकं रंगवलं की बाकीचा चेहरा आपोआप जिवंत व्हायचा, गालही रंगवायला गेलं की नवरी नाटकातली वाटायची.

अजून एक गंमत ऐक. डार्करूममध्ये लाल दिवा लावतात तो का? छपाईच्या कागदाला लाल उजेड दिसतच नाही म्हणून. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचंही तसंच होतं. तिला निळं-हिरवं दिसायचं, लाल नाही, त्यामुळे लाल वस्तू पडद्यावर काळी यायची. मूकपटांच्या काळात जगभर हीच फिल्म सर्रास वापरात होती. आपल्या बाबुराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला तो हाच काळ. कॅमेराही त्यांनी इथंच, कोल्हापुरात घडवला होता. तेव्हाच्या कॅमेऱ्यासमोर कुंकू लावून उभं राहिलं तर कपाळावर काळा टिळाच दिसणार. त्या माणसांना लाल रंग लाल म्हणून दाखवायची सोयच नव्हती. तुला ती आहे. मग तो नुसता साडीवर का घालवायचा?

गंगावेशीत एका तालमीत फोटो काढले. पैलवानांची तोंडं शेंदूर फासल्यागत आलीत आणि माती नुसती एक तांबडी पट्टी दिसते, कण दिसत नाहीत. कॅमेऱ्याच्या हिस्टोग्राममध्ये तर सगळं बरोबर होतं. चूक कुठं?
*– एक वाचक, शिवाजी पेठ*

हिस्टोग्रामनं तुम्हाला फसवलं. कॅमेऱ्यावर साधारणपणे जो एक पांढरा आलेख दिसतो तो एकूण उजेडाचा असतो, आणि त्यात हिरव्याचं वजन सगळ्यांत जास्त. सेन्सरवरही निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे. त्यामुळे समोर नुसती तांबडी माती असली की लालचं माप काठोकाठ भरून सांडतं आणि तो आलेख मात्र मधोमध शांत बसलेला असतो. एकदा लाल सांडलं की ढेकूळ काय आणि भुकटी काय, दोन्हींचा आकडा एकच. कण दिसणार कुठून?

मेन्यूत जाऊन आरजीबी हिस्टोग्राम सुरू करा, लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दिसतील. लालचा आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, एक वर म्हणजे दुप्पट). फोटो अंधारा वाटला तरी चालेल, रॉ फाईलमधून, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न करता ठेवलेल्या मूळ फाईलमधून, सावल्या वर काढता येतात. सांडलेलं लाल परत भरता येत नाही.

तोंडांचं कारण वेगळं. आखाड्यात उजेड वरच्या खिडकीतून किंवा झरोक्यातून येतो, मातीवर पडतो आणि मातीवरून उसळून पैलवानाच्या हनुवटीखाली जातो. तो उजेडच तांबडा झालेला असतो. त्यात ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ती सोय, गोंधळतो, एका फ्रेमला शेंदरी करतो, दुसरीला निळसर. ऑटो बंद करा. कोपऱ्यात कुणाचं तरी पांढरं धोतर किंवा टॉवेल असतोच, खिडकीच्या उजेडात धरून त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि मग हात लावू नका. तांबूस छटा पूर्ण घालवायच्या मात्र मागं लागू नका. आखाड्यात माणूस तांबडा दिसतो, कारण तो तांबडा असतो. त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू, काव काय काय मुरलेलं असतं. ती अंगाला लागली की घामावर जी चमक येते ती आडव्या उजेडात पकडा. खिडकी तुमच्या पाठीशी नको, बाजूला पाहिजे.

डाव पडताना शटर १/५०० सेकंदाचं लागतं. दोघं एकमेकांत अडकून नुसता जोर लावत असतात तेव्हा १/१२५ पुरतं, आणि मला विचाराल तर फोटो तेव्हाच असतो. फेकल्याचा फोटो सगळे काढतात. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ३२०० झाला तरी घाबरू नका. ५० मिलिमीटरची एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, साधी लेन्स इथं महागड्या झूमपेक्षा कामाची. फ्लॅश नको म्हणजे नकोच. हवेतला धुरळा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून येतो, आणि डाव ऐन रंगात असताना डोळ्यांवर उजेड मारणाऱ्याला वस्तादांनी बाहेर काढलं तर मी वस्तादांच्या बाजूनं.

आत जाताना पायताण बाहेर, हौद्याला (कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याला) हात लावून नमस्कार, वस्तादांची परवानगी, आणि हौद्यात पाय ठेवायचा नाही. काही तालमींत बायकांना आत घेत नाहीत. तिथं मी दारातूनच फोटो काढते. दाराची चौकट फुकट मिळते, पण नियम मला पटतो असं कुणी समजू नये.

मैदानी कुस्तीचे फोटो काढायचा सराव करायचा असेल तर खासबागेसारखी जागा नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान १९१२ साली खुलं झालं. मधे हौदा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, म्हणून शेवटच्या रांगेतल्यालाही कुस्ती दिसते. आपल्या कामाचा फायदा असा की वरच्या बाजूनं लांब लेन्स लावली तर पैलवानांच्या मागं माणसं, फलक, मांडव काही येत नाही. मागं नुसती माती. अख्खी पार्श्वभूमी तांबडी!

रविवारी सकाळी गर्दी होती म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध कट्ट्यावर, म्हणजे म्हशीची धार समोरच काढून दूध देतात तिथं, परत गेलो. म्हैस छान आली, पण पेल्यातलं दूध नुसता पांढरा डाग. आणि काही फोटोंवर आडवे काळे पट्टे आलेत. कॅमेरा बिघडला का?
*– नोकरदार वाचक, उत्तरेश्वर पेठ*

कॅमेरा ठणठणीत आहे. त्याला म्हैस कळत नाही, एवढंच. समोर जे असेल ते सरासरी मध्यम करडं आहे असं धरून कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर चालतो. फ्रेमभर काळीभोर म्हैस आली की त्याला वाटतं अंधार पडलाय, मग तो उजेड वाढवतो. म्हैस करडी होते आणि फेसाचं दूध जळून जातं. म्हणून काळं जास्त असेल तर एक ते दीड स्टॉप कमी करायचं. घाटावर वाळत टाकलेली धोतरं फ्रेमभर असतील तर उलटं, एक स्टॉप वाढवायचं, नाहीतर शुभ्र धोतर मळकं दिसतं. स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा) असेल तर तो फेसावर धरा आणि दीड स्टॉप वाढवून घ्या. फेस पांढरा राहील, बुडबुडेही दिसतील, आणि म्हैस जशी काळी असते तशी काळी येईल. तिच्या अंगावरचा प्रत्येक केस दाखवायची गरज नाही.

पट्टे ट्यूब आणि एलईडीचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर बंद करून मेकॅनिकल घ्या. १/५० ला दुधाची धार थेंबाथेंबानं न दिसता सलग दोऱ्यासारखी येईल. मला तीच आवडते. धार सुटी सुटी पाहिजे असेल तर दिवसाउजेडी जा.

आणि फोटो झाल्यावर तो पेला विकत घेऊन प्या. गवळ्याच्या गिऱ्हाइकांना अर्धा तास आडवं येऊन कोरड्या तोंडानं निघून जायचं, हे बरं नव्हे.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. येऊ का?
*– गृहिणी, फुलेवाडी*

या की! त्या दिवशी पहिल्या पाचात दोन फोटो मोबाईलचे होते. सेटिंगमध्ये रंग भडक करणारा मोड असेल तो मात्र बंद करा, नाहीतर प्रत्येक लाल रंग फटाक्याच्या खोक्यावरचा होतो. स्क्रीनवर पांढऱ्या भागावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये उजेड तिथं पक्का होतो, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून जरा अंधारं करा. पोर्ट्रेट मोड फेट्याच्या कडा कुरतडतो, तो नको. झूमपेक्षा दोन पावलं पुढं जा.

जोतिबाचा गुलाल तांबडा धरायचा की नाही? आमच्या गटात यावरून अबोला झालाय.
*– दोन मित्र, कसबा बावडा*

गुलाल गुलाबी. पण गुलालानं माखलेला पांढरा सदरा घामानं भिजला की जो रंग होतो तो मी मान्य करेन. आता बोला एकमेकांशी.

आम्ही गडहिंग्लजला दहा-बारा जणांनी गट सुरू केलाय. पहिल्या दोन फेऱ्यांना ‘नदी’ आणि ‘मंदिर’ असे विषय दिले. सगळ्यांचे फोटो सारखेच आले आणि उत्साह ओसरला. विषय कसा ठरवावा?
*– शिक्षक, गडहिंग्लज*

सर, ‘नदी’ म्हटल्यावर सगळे हिरण्यकेशीच्या एकाच काठावर, एकाच वेळी, एकाच उंचीवर उभे राहणार. फोटो वेगळे येतील कसे? जी वस्तू बोटानं दाखवता येते ती शक्यतो विषय म्हणून देऊ नका. जे कुणाच्याही दारात असू शकतं, पण थांबल्याशिवाय दिसत नाही, ते द्या. रंग चालतो, उजेड चालतो, एखादी अवस्था चालते : ओलं, अर्धवट, वाट बघणं, दुरुस्ती. आणि एक सोपी गोष्ट वर्ज्य करा, जसा आम्ही रस्सा केला. पहिल्या पाच मिनिटांत सुचणारं उत्तर काढून घेतलं की मगच माणूस बघायला लागतो.

पट्टा लहान ठेवा. लोकांना वाटतं सहल म्हणजे पन्हाळा, मसाई पठार, गाड्या, डबे. मजा येते, पण निम्मा वेळ गाडीत जातो आणि उरलेल्यात एकमेकांचे फोटो काढले जातात. अर्धा किलोमीटरचा बाजार तीन तासांना भरपूर होतो. फोटो एकच मागा. दहा मागितले की माणूस निवड तुमच्यावर ढकलतो, आणि निवडणं हेच तर शिकायचं असतं. कापणं आणि उजेड कमीजास्त करणं चालू द्या, रंग बदलणं आणि माणूस पुसणं नको. परीक्षक म्हणून एखादा तरी फोटो न काढणारा बसवा. आमच्याकडे एक शिंपी येतात. फोकसबद्दल अवाक्षर काढत नाहीत, पण कुठल्या फोटोत काय उसवलंय ते पटकन सांगतात.

तुम्हाला दोन-तीन विषय देते. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. कोल्हापूरला तो सहा मेच्या आसपास. तुम्ही दक्षिणेला, म्हणून तुमच्याकडे एक-दोन दिवस आधी. वेळ साडेबाराच्या सुमारास, कारण भारतीय प्रमाणवेळेची रेघ आपल्या बरीच पूर्वेला आहे. भर दुपारी फोटो काढू नयेत असं सगळे सांगतात. त्या दिवशी मुद्दाम काढा. खांबाला सावली नाही, माणसाच्या पायाखाली फक्त त्याच्या खांद्यांएवढा काळा डाग, आणि भिंतीवरची प्रत्येक खुंटी सरळ खाली सावली सोडते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा सूर्य दिसला तर नशीब.

हिवाळ्यात गुऱ्हाळाला जा आणि विषय ‘वाफ’ द्या. गूळ हा शब्दच काढू नका. काहिलीवरची (रस उकळायच्या मोठ्या कढईवरची) वाफ पहाटे उजेडाच्या विरुद्ध बाजूनं बघितली तरच दिसते. पोरं आपोआप उजेड कुठून येतो ते शोधायला लागतील. वाफेत लेन्स धुरकटते, म्हणून आत गेल्यावर कॅमेरा बाहेर काढून थोडा वेळ तसाच राहू द्या. पावसाळ्यानंतर आमच्या क्लबमध्ये मी ‘पाणरेघ’ द्यायचं म्हणतेय. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर घरांच्या भिंतींवर रेघ ठेवून गेलाय. कुणी ती रंगवून टाकली, कुणी मुद्दाम राखून तारीख घातली. हा विषय देताना मात्र आधी गटाला बसवून सांगा की दार वाजवायचं, बोलायचं, आणि मग कॅमेरा.

मिरची विकणाऱ्या आजींचा फोटो काढला तर त्यांनी पैसे मागितले. द्यावेत का?
*– एक वाचक, शाहूपुरी*

पाव किलो मिरची घ्या. बोलणं होतं, आजींच्या हातात तराजू येतो, म्हणजे फोटोही बरा होतो. नुसते पैसे दिले की त्या पोझ देतात, आणि पुढच्या माणसालाही तेवढेच मागतात. पण आजी ‘नको’ म्हणाल्या तर नको. लांबून झूम लावून चोरायचं नाही. आमच्या क्लबमध्ये असा फोटो परीक्षणाला घेत नाहीत, कितीही चांगला असला तरी. लहान मुलांच्या बाबतीत आई-बाप समोर असतील तरच. अंबाबाईच्या देवळात फोटोला बंदी आहे, तिथं ओळख काढून आत कॅमेरा न्यायची खटपट करू नये. महाद्वारच्या बाहेर एवढं घडत असतं की आतलं लागत नाही.

विषयासाठी म्हणून मिरची कांडायच्या डंकावर गेले होते. चटणीचा धुरळा लेन्सवर बसलाय. कसा काढू?
*– एक वाचक, मंगळवार पेठ*

पुसू नका! कोरड्या फडक्यानं पुसलं की तिखटाचे कण काचेवर घासून ओरखडे येतात. आधी रबरी ब्लोअर, लेन्सचं तोंड जमिनीकडे धरून. तोंडानं फुंकर नको, थुंकी उडते आणि चटणी चिकटते. मग मऊ ब्रश, आणि सगळ्यांत शेवटी लेन्सचं द्रव मायक्रोफायबर कापडावर घेऊन मधून बाहेर गोल गोल. द्रव थेट काचेवर ओतायचं नाही. डंकावर लेन्स बदलली असेल तर सेन्सर स्वतः साफ करायला जाऊ नका, दुकानात द्या आणि आत चटणी आहे हे आधी सांगा. पुढच्या वेळी घरूनच एक लेन्स लावून जा, वर साधा यूव्ही फिल्टर बसवा, आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून लेन्सपुरतं भोक ठेवा. घरी आल्यावर पट्टा गरम पाण्यात साबणानं धुवा, तो मानेवर असतो. आणि हात धुतल्याशिवाय व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका.